व्यावसायिक बास्केटबॉल : वयाचे नियम आणि जन्मतारखेचा कागद

खान्देशातील कोणत्याही जुन्या शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही उघडली, तर एकच जन्मतारीख पानोपानी आढळते : १ जून. पूर्वी घरी जन्मलेल्या मुलाची नोंद क्वचितच होत असे. शाळा जूनमध्ये उघडे, मूल पहिलीत बसण्याइतके मोठे झाले आहे असे गुरुजींना वाटले, की अंदाजाने वर्ष धरून १ जून ही तारीख लिहिली जाई. त्या तारखेवर अनेकांच्या नोकऱ्या लागल्या, निवृत्त्याही झाल्या आणि फारसे काही बिघडले नाही. खेळाडूचे मात्र तसे नाही. बास्केटबॉलसारख्या खेळात शालेय संघापासून परदेशी व्यावसायिक लीगपर्यंतची प्रत्येक पायरी जन्मतारखेवर ठरते. सहाव्या वर्षी अंदाजाने लिहिलेली तारीख सोळाव्या किंवा एकोणिसाव्या वर्षी आडवी येऊ शकते. जळगाव-धुळ्यातील खेळाडू आणि पालकांना उपयोगी पडावी म्हणून या नियमांची माहिती येथे एकत्र दिली आहे.

नियम दोन प्रकारचे

बास्केटबॉलमधील वयाच्या नियमांचे दोन प्रकार आहेत. पहिला कमाल वयाचा. शालेय स्पर्धा, संघटनेचे वयोगट, विद्यापीठ स्पर्धा आणि नोकरीतील क्रीडा कोटा यांत ठरावीक वयानंतर प्रवेश बंद होतो. दुसरा किमान वयाचा. व्यावसायिक करार, परदेशी क्लबात बदली आणि अमेरिकेतील एनबीए लीग यांत ठरावीक वय होईपर्यंत प्रवेश मिळत नाही. आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा पहिल्या प्रकाराची, कारण वय चोरण्याचा मोह तेथे असतो. व्यावसायिक होऊ पाहणाऱ्याला दुसरा प्रकारही तितकाच ठाऊक असावा लागतो. कागदावर वय कमी केलेला खेळाडू कमाल वयाच्या स्पर्धेत लाभ उठवतो. पण किमान वयाच्या नियमासमोर त्याच कागदामुळे त्याला तितकीच वर्षे अधिक थांबावे लागते.

शाळा आणि संघटना

राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत संघ राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत जातात. जळगाव व धुळ्याचे संघ नाशिक विभागात खेळतात. वय मोजण्याचा दिवस ३१ डिसेंबर हा असतो. त्या दिवशी खेळाडूचे वय गटाच्या आकड्यापेक्षा कमी असावे लागते. उदाहरणार्थ, २०२५-२६ च्या हंगामात १७ वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा जन्म आवश्यक होता.

भारतीय बास्केटबॉल महासंघाचे युवा आणि कनिष्ठ हे गट अनुक्रमे १६ व १८ वर्षांचे आहेत. ते आंतरराष्ट्रीय महासंघाच्या म्हणजे 'फिबा'च्या पद्धतीने मोजले जातात. 'फिबा' वाढदिवस पाहत नाही, जन्मवर्ष पाहते. स्पर्धेच्या वर्षातून १६ वजा करावेत; त्या वर्षी किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू १६ वर्षांच्या गटात पात्र. २०२५ च्या १६ वर्षांखालील आशिया चषकासाठी १ जानेवारी २००९ नंतरचा जन्म हीच अट होती. म्हणजे शाळेचा '१७ वर्षांखालील' आणि संघटनेचा 'युवा १६' हे गट नावाने वेगळे असले, तरी त्यांचे जन्मवर्ष एकच आहे. तीच गोष्ट शाळेच्या १९ आणि संघटनेच्या १८ वर्षांच्या गटांची. नावावरून गोंधळून अर्ज न भरणारे किंवा चुकीच्या गटात भरणारे दरवर्षी आढळतात, म्हणून हे ध्यानात ठेवावे.

जन्मवर्षावर गट पाडण्याचा एक परिणाम असा, की जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक उंचीत आणि ताकदीत स्पष्ट दिसतो. बास्केटबॉल तर उंचीचाच खेळ; त्यामुळे निवड चाचणीत डिसेंबरातला मुलगा मागे पडतो. त्यात गटात कोणी वय दोन वर्षांनी कमी दाखवून उतरला असेल, तर खऱ्या वयाच्या मुलाला संघात जागाच राहत नाही. वयचोरीचा खरा तोटा संघाबाहेर बसणाऱ्या या मुलाचा असतो आणि त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रकात होत नाही.

एनबीएचा १९ वर्षांचा नियम

जगातील सर्वांत मोठी व्यावसायिक लीग म्हणजे अमेरिकेतील एनबीए. तेथे नवे खेळाडू 'ड्राफ्ट' या वार्षिक निवडीतून येतात. ३० संघ दोन फेऱ्यांत आळीपाळीने खेळाडू निवडतात. या निवडीसाठी कोणत्या वयाचा खेळाडू पात्र, हा वाद पन्नास वर्षांहून जुना आहे.

पूर्वीच्या नियमानुसार हायस्कूल संपल्यावर चार वर्षे उलटल्याखेरीज खेळाडूला लीगमध्ये घेता येत नसे. १९७० मध्ये स्पेन्सर हेवूड या खेळाडूने सिएटलच्या संघाशी करार केला आणि लीगच्या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूचा अंतरिम मनाई हुकूम कायम राहिला आणि चार वर्षांच्या नियमाची भिंत ढासळली. १९७५ मध्ये डॅरिल डॉकिन्स व बिल विलोबी हायस्कूलमधून थेट लीगमध्ये आले. नंतर वीस वर्षे ही वाट जवळपास ओस राहिली. १९९५ मध्ये केविन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स त्याच वाटेने आले व गाजले. न गाजता विस्मृतीत गेलेले किशोरही होतेच. अपरिपक्व खेळाडूंवर मोठी रक्कम लावण्याची जोखीम संघमालकांना नको होती. अखेर २००५ च्या सामूहिक करारात लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी नवा नियम मान्य केला व २००६ च्या ड्राफ्टपासून तो लागू झाला.

या नियमाचे दोन भाग आहेत. ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात खेळाडूला १९ वर्षे पूर्ण झाली पाहिजेत. हा भाग सर्वांना लागू. दुसरा भाग अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी : हायस्कूल संपल्यानंतर किमान एक हंगाम उलटला पाहिजे. परदेशी खेळाडूला दुसरी अट नाही. ज्या वर्षी त्याला २२ वर्षे पूर्ण होतात त्या वर्षी तो आपोआप ड्राफ्टला पात्र ठरतो. त्याआधी यायचे असल्यास मुदतीत अर्ज करून नाव द्यावे लागते. २०२३ च्या करारातही हा नियम बदलला नाही.

येथे 'परदेशी' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. खेळाडूचे पारपत्र भारतीय असणे एवढे पुरेसे नाही. ड्राफ्टपूर्वीची किमान तीन वर्षे तो अमेरिकेबाहेर राहून बास्केटबॉल खेळलेला असावा, त्याने अमेरिकेत हायस्कूल पूर्ण केलेले नसावे आणि तेथील महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नसावा. जळगावचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतील हायस्कूलमध्ये शिकला, तर या नियमाच्या दृष्टीने तो परदेशी राहत नाही.

सतनामसिंगचे उदाहरण

याचे भारतीय उदाहरण सतनामसिंग भामरा हे आहे. पंजाबातील बल्लो के या लहान गावातील हा मुलगा १० डिसेंबर १९९५ रोजी जन्मला आणि २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेला. तेथेच हायस्कूल केल्यामुळे त्याला 'एक हंगामा'ची अट लागली. हायस्कूलनंतर आणखी एक वर्ष त्याने अकादमीतच घालवले आणि २०१५ च्या ड्राफ्टमध्ये उतरला. डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीए संघाने निवडलेला तो पहिला भारतीय ठरला. मात्र मुख्य लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. वयाची अट पूर्ण झाली म्हणजे खेळाची पूर्तता झाली असे नव्हे, हेही त्याच्या उदाहरणातून दिसते.

त्यानंतरची वाट थोडी निराळी. २०१७ मध्ये दिल्लीजवळ एनबीएची भारतातील अकादमी सुरू झाली. तेथे घडलेला पंजाबचाच प्रिन्सपाल सिंग २०२० मध्ये एनबीएच्या दुय्यम लीगमधील 'इग्नाइट' या संघात गेला. १९ वर्षांच्या नियमामुळे थांबावे लागणाऱ्या तरुणांना महाविद्यालयाऐवजी पगारी पर्याय मिळावा, हा त्या संघाचा हेतू होता. दुय्यम लीगचे किमान वय १८ आहे. पुढे अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा २०२१ पासून मिळाली. त्यामुळे या संघाची गरज कमी झाली आणि २०२४ मध्ये तो बंद करण्यात आला. खान्देशातील एखाद्याने जुन्या माहितीवर विसंबून 'इग्नाइट'चे स्वप्न पाहत असल्यास ते सोडून द्यावे.

महिलांच्या डब्ल्यूएनबीए लीगमध्ये वयाची अट अधिक कडक आहे. २०२० च्या करारानुसार अमेरिकी खेळाडूला २२ वर्षांचे वय किंवा महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्तता आवश्यक होती, तर परदेशी खेळाडूसाठी ही मर्यादा २० वर्षे होती. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केल्यामुळे महाराष्ट्रातील मुलींसमोर राष्ट्रीय संघापर्यंतचा आदर्श आहे. त्यापुढची परदेशी वाट मुलींसाठी अधिक लांब आहे, हे जाणून नियोजन करावे.

भारतातील लीग आणि क्रीडा कोटा

भारतात व्यावसायिक बास्केटबॉल अद्याप स्थिरावलेले नाही. २०१५ ते २०१७ या काळात यूबीए ही लीग चालली. पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे तिच्यातील राज्याचे संघ. २०२२ मध्ये महासंघाच्या आश्रयाने आयएनबीएल सुरू झाली व मुंबई टायटन्स हा संघ तीत उतरला. याच लीगने २०२५ च्या आरंभी दिल्लीत २५ वर्षांखालील भारतीय खेळाडूंसाठी व्यावसायिक स्पर्धा घेतली. म्हणजे आपल्याकडे व्यावसायिक स्पर्धेलाही कमाल वयाची मर्यादा आली. अमेरिकेत लीग तरुणाला 'जरा थांब' म्हणते. येथे ती 'उशीर करू नकोस' असे बजावते.

भारतीय बास्केटबॉलपटूचा खरा आधार अजूनही नोकरी हाच आहे. रेल्वे, सेनादले, पोलीस आणि सार्वजनिक कंपन्या यांचे संघ देशात वरचढ राहिले आहेत. भुसावळसारख्या रेल्वेच्या विभागीय मुख्यालयाच्या गावी हे वेगळे सांगावयास नको. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील खुल्या भरतीसाठी वय १८ ते २५ असते व त्यात कोणत्याही प्रवर्गाला सवलत नसते. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि तेथे कमाल वयात सवलतही मिळते. मात्र क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. प्रमाणपत्रावरील जन्मतारीख व दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख जुळली नाही, तर सारी मेहनत वाया जाऊ शकते. विद्यापीठांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांतही साधारणतः १७ ते २५ हीच वयाची चौकट राहिली आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात येऊ इच्छिणाऱ्यांनी त्या-त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे.

अठरा वर्षांखालील करार

कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्ती अज्ञान समजली जाते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये ते स्पष्ट केले. पालकाने मुलाच्या वतीने सही केली म्हणजे भागले, असा समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही. चित्रपटात काम करण्यासाठी अज्ञान मुलीच्या वतीने वडिलांनी केलेला करार न्यायालयात टिकला नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १९४९ साली प्रसिद्ध झालेला निवाडा आहे. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला 'पाच वर्षांसाठी बांधून घेणारा' कागद कोणी पुढे केल्यास वकिलाला दाखविल्याशिवाय सही करू नये. अमेरिकेतही कोबी ब्रायंट १७ वर्षांचा असताना निवडला गेला, तेव्हा त्याच्या पहिल्या करारावर आईवडिलांच्या सह्या घ्याव्या लागल्या होत्या.

परदेशी क्लबात जाण्यासाठीही १८ ही सीमा आहे. 'फिबा'च्या नियमानुसार १८ व्या वाढदिवसापूर्वी आंतरराष्ट्रीय बदली होत नाही. आईवडिलांचे स्थलांतर वा शिक्षण अशा खास कारणांसाठीच अपवाद केला जातो. चौदा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत बालमजुरी प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. क्रीडा व मनोरंजनातील सहभागाला तीत मुभा आहे, परंतु शिक्षणात अडथळा येता कामा नये अशी अट आहे.

हाडांवरून वय

केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहिता लागू केली. तिच्यातील वैद्यकीय तपासणीत डाव्या हाताच्या पंजाचे व मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र घेऊन हाडांची वाढ मोजली जाते. टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीची तिसरी आवृत्ती त्यासाठी प्रचलित आहे. या पद्धतीच्या मर्यादा पालकांनी समजून घ्याव्यात. हाडांची वाढ मुलांत सुमारे साडेसोळा व मुलींत सुमारे पंधरा वर्षांच्या पातळीला पूर्ण होते. त्यापुढे वय सांगता येत नाही. शिवाय एकाच दिवशी जन्मलेल्या दोन निरोगी मुलांच्या हाडांत वर्षभराचा किंवा अधिक फरक असू शकतो. लवकर वयात आलेला प्रामाणिक मुलगा तपासणीत मोठा ठरण्याची शक्यता म्हणूनच असते. अशा वेळी जन्मानंतर लगेच झालेली नोंद हाच त्याचा खरा बचाव. २०२५ मध्ये सरकारने संहितेचा नवा मसुदा जाहीर केला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांची बंदी व दुसऱ्याला कायमची बंदी असे त्यात सुचविण्यात आले.

जन्मनोंद : पालकांचे काम

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत प्राधिकृत अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकारी पातळीवरील आदेश, असे टप्पे आहेत. २०२३ च्या दुरुस्तीने वर्षानंतरच्या नोंदीचे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले. राज्य शासनाने २०२५ मध्ये उशिराच्या नोंदींची छाननी अधिक कडक केली आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल.

खान्देशात या बाबतीत एक विशेष अडचण येते. नोंद जन्म जेथे झाला तेथेच होते. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या भागांतील पाड्यांवर पूर्वी घरीच प्रसूती होत. चाळीसगाव-पारोळ्याकडून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत बाळ कारखान्याच्या तळावर जन्माला येई. गावच्या ग्रामपंचायतीत त्याची नोंद सापडत नाही आणि शाळेत अंदाजाची तारीख पडते. उंच, चपळ, धावायला काटक अशी मुले याच भागांत आढळतात. निवड होण्याआधीच कागदावर बाद होण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, ही जबाबदारी पालकांइतकीच शिक्षकांचीही आहे.

आधार कार्ड हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका प्रकरणात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख आधारपेक्षा ग्राह्य धरली. म्हणून जन्मदाखला, पहिलीचा प्रवेश-निर्गम उतारा, आधार व पारपत्र या चारही कागदांवर एकच तारीख आहे का, हे मूल पाचवीत असतानाच पाहावे. शाळेच्या नोंदीत खरोखर चूक असेल, तर मूल शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव द्यावा. शाळा सोडल्यानंतर ते काम फार अवघड होते. दुरुस्ती खऱ्या तारखेकडे जाणारी असावी, सोयीच्या तारखेकडे नव्हे.

उदाहरणार्थ : जन्म १ जून २०१०

• शालेय १७ वर्षांखालील व संघटनेचा युवा १६ गट : २०२६ अखेरपर्यंत.

• शालेय १९ वर्षांखालील व संघटनेचा कनिष्ठ १८ गट : २०२८ अखेरपर्यंत.

• स्वतःच्या सहीने करार, परदेशी क्लबात बदली : १ जून २०२८ पासून.

• एनबीए ड्राफ्टसाठी अर्ज : २०२९ पासून, परदेशी खेळाडू म्हणून आपोआप पात्रता २०३२ मध्ये.

• रेल्वेचा क्रीडा कोटा : १८ पूर्ण झाल्यापासून २५ पर्यंत, जाहिरातीतील दिनांकाप्रमाणे.

याच मुलाचा खरा जन्म सहा महिने आधी, डिसेंबर २००९ मधला असेल, तर यांतील बहुतेक वर्षे एकेक वर्षाने अलीकडे येतात. अंदाजाने लिहिलेल्या एका तारखेचे मोल एवढे आहे. शाळेत नाव घालण्यासाठी मुलाचा हात धरून जाणाऱ्या पालकाने जन्मदाखला सोबत न्यावा आणि नोंदवहीत तारीख लिहिली जात असताना ती डोळ्यांनी पाहून घ्यावी.